मॅथ्यूज आणि ओवेचकिन: नऊ हंगामांनंतर तुलना नेमकी कशावर करायची?

टोरांटोकर

आइस हॉकीच्या एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगमध्ये वॉशिंग्टनच्या ओवेचकिनने ६ एप्रिल २०२५ ला न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध ८९५वा गोल मारून ग्रेट्झकीचा ८९४ चा विक्रम मोडला, तेव्हापासून इथल्या मराठी ग्रुपांवर एकच वाद रंगतोय. टोरांटोचा ऑस्टन मॅथ्यूज हा ओवेचकिनपेक्षा मोठा गोल मारणारा आहे की नाही? टोरांटोत राहून मॅथ्यूजबद्दल तटस्थ राहणं अवघडच, म्हणून इथे विचारतो.

२०२४-२५ अखेरचे आकडे असे आहेत. मॅथ्यूज: ९ हंगाम, ६२९ सामने, ४०१ गोल. ओवेचकिनचे पहिले ९ हंगाम (२००५-०६ ते २०१३-१४): ६७९ सामने, ४२२ गोल. म्हणजे दर सामन्याला मॅथ्यूज ०.६४ आणि ओवेचकिन ०.६२. वरवर पाहता मॅथ्यूज पुढे आहे.

माझे प्रश्न:

१. एवढ्यावरून मॅथ्यूज पुढे म्हणता येईल का? की काही मोजायचं राहतंय?

२. मॅथ्यूजचे २०२३-२४ चे ६९ मोठे की ओवेचकिनचे २००७-०८ चे ६५?

३. दोघांची गोल मारायची पद्धत पार वेगळी आहे. हा फरक पुढच्या दहा वर्षांत कुणाच्या पथ्यावर पडतो?

४. घरातली मुलं हॉकी खेळत असतील तर त्यांनी शॉट कुणाचा बघून शिकावा?

प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) आणि तिथला स्टॅनली कप जरा बाजूला ठेवू. प्रश्न फक्त गोल मारण्याचा आहे.

निळी रेघ

हंगामाला हंगाम लावून तुलना केली की गडबड होते. मॅथ्यूज लीगमध्ये आला तेव्हा १९ वर्षांचा होता आणि ओवेचकिन २०. ओवेचकिनची निवड २००४ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडायची प्रक्रिया) झाली, पण २००४-०५ चा अख्खा हंगाम लॉकआउटमध्ये (संघमालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद) गेला. तो वर्षभर डायनामो मॉस्कोकडून खेळला आणि एनएचएलमध्ये एक वर्ष उशिरा उतरला.

सुदैवाने या दोघांना वयाने जुळवणं फार सोपं आहे, कारण दोघांचा वाढदिवस एकच आहे, १७ सप्टेंबर. ओवेचकिन १९८५ चा, मॅथ्यूज १९९७ चा. बरोब्बर बारा वर्षांचं अंतर. मॅथ्यूजच्या कुठल्याही हंगामातून १२ वजा करा, त्याच वयाचा ओवेचकिन मिळतो. (याच तारखेमुळे मॅथ्यूजची २०१५ च्या ड्राफ्टची मुदत दोन दिवसांनी हुकली. ते वर्ष तो झुरिकला प्रौढांच्या लीगमध्ये खेळला आणि २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.)

मॅथ्यूजचं १९ व्या वर्षाचं पदार्पण, म्हणजे ८२ सामन्यांतले ४० गोल, बाजूला काढा, कारण त्याच्या जोडीला ओवेचकिनचं काहीच नाही. आता वय २० ते २७:

मॅथ्यूज ५४७ सामन्यांत ३६१, ओवेचकिन ६०१ सामन्यांत ३७१.

दर सामन्याला ०.६६ विरुद्ध ०.६२. पण हाच काळ तोडून बघितला की खरी गोष्ट दिसते. वय २० ते २२ या तीन हंगामांत ओवेचकिनचे २४५ सामन्यांत १६३ गोल, मॅथ्यूजचे २०० सामन्यांत ११८. तिथे ओवेचकिन सरळ सरळ पुढे. आणि वय २४ ते २७ या चार हंगामांत मॅथ्यूजचे २९५ सामन्यांत २०२, तर ओवेचकिनचे २७७ सामन्यांत १५२. पन्नास गोलांचा फरक, तोही उलट्या बाजूने. २५ आणि २६ व्या वर्षी ओवेचकिन अनुक्रमे ३२ आणि ३८ वर अडकला होता. आज लोक हे विसरलेत, पण २०११-१२ मध्ये "ओवेचकिन संपला" असं उघड लिहिलं जात होतं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: २७ व्या वर्षापर्यंत दर सामन्याला मॅथ्यूज पुढे आहे, यात शंका नको. पण ओवेचकिनचं मोठेपण या काळात नाहीच. २८ व्या वर्षापासून ३२ व्या वर्षापर्यंत त्याने ५१, ५३, ५०, ३३ आणि ४९ मारले. २९ व्या वर्षापासून पुढे एकंदर ८१२ सामन्यांत ४७५ गोल, दर सामन्याला ०.५८. बहुतेक खेळाडूंचा आलेख या वयात घसरतो. मॅथ्यूजची परीक्षा आता सुरू होतेय.

आणि मोजायचं राहिलं ते हे: न खेळलेले सामने. कोविडमुळे लहान झालेले हंगाम धरून मॅथ्यूजच्या संघाने त्याच्या नऊ हंगामांत ७०० सामने खेळले. त्यातले ७१ तो खेळला नाही. ओवेचकिनने तेवढ्याच हंगामांत २५ चुकवले, आणि वीस हंगामांत मिळून ७६. मॅथ्यूजच्या नऊ वर्षांत जेवढे सामने बुडाले जवळपास तेवढेच ओवेचकिनच्या वीस वर्षांत. दर सामन्याची सरासरी ही गोष्ट झाकून टाकते. गोल मारायला आधी बर्फावर असावं लागतं, त्यामुळे मी हा आकडा सरासरीच्या वर ठेवतो.

आकडेमोड

निळी रेघ यांच्याशी सहमत. मी ६९ विरुद्ध ६५ घेतो, कारण इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात आणि लोक आपल्या सोयीची एकच उचलतात.

पहिली गोष्ट, त्या वर्षी लीगमध्ये गोल किती होत होते. २००७-०८ मध्ये एक संघ एका सामन्यात सरासरी २.७ ते २.८ गोल मारायचा. २०२३-२४ मध्ये ३.१ च्या आसपास. या प्रमाणात वाढवलं तर ओवेचकिनचे ६५ आजच्या भावात ७२-७३ होतात. (याच हिशेबाने ग्रेट्झकीचे १९८१-८२ चे ९२ आजच्या काळात ७१ च्या जवळ येतात, कारण तेव्हा एक संघ सामन्याला ४ गोल मारत होता.) गोल वाढले त्यामागे कारणं आहेत. २०१७-१८ पासून हातावर स्टिक मारल्याबद्दल शिक्षा कडक झाली. गोलकीपरच्या पँट आणि छातीच्या पॅडची मापं टप्प्याटप्प्याने आवळली गेली. बचावपटूही आता पक (हॉकीची चपटी चकती) पुढे घेऊन जाणारे निवडले जातात. २०१५-१६ मध्ये गोलकीपरची सरासरी सेव्ह टक्केवारी ९१.५ होती, २०२३-२४ मध्ये ती ९०.३ वर आली. सव्वा टक्का कमी वाटेल, पण समोर १०० शॉट आले तर साडेआठाऐवजी जवळपास दहा आत जातात.

इथपर्यंत ओवेचकिन पुढे. आता दुसरी गोष्ट, पॉवर प्ले (समोरच्या खेळाडूला शिक्षा झाली की काही वेळ एक जण जास्त घेऊन खेळणं). २००७-०८ मध्ये एका संघाला सामन्यात चारपेक्षा जास्त पॉवर प्ले मिळायचे. ओवेचकिनच्या पदार्पणाच्या २००५-०६ मध्ये तर हा आकडा सहाच्या जवळ होता, कारण लॉकआउटनंतर पंचांना शिट्ट्या वाजवायला सांगितलं होतं. २०२३-२४ मध्ये फक्त तीनच्या आसपास. ओवेचकिनच्या ६५ पैकी २२ पॉवर प्लेवरचे, मॅथ्यूजच्या ६९ पैकी १८. म्हणजे पॉवर प्ले सोडून मॅथ्यूजचे ५१ आणि ओवेचकिनचे ४३. पॉवर प्लेच्या आधाराशिवाय ५१ गोल ही या काळातली अचाट कामगिरी आहे. लेम्यूच्या १९९५-९६ च्या ६९ नंतर एका हंगामात इतके गोल कुणीच मारले नव्हते.

माझा निकाल: एकूण वजनात ६५ किंचित भारी, पॉवर प्ले सोडून ६९ स्पष्ट भारी. कुणी एकच उत्तर मागितलं तर मी ६९ म्हणेन, कारण पॉवर प्लेशिवायचा गोल शिट्टीच्या भरवशावर नसतो.

पण तिसरा आकडा मला या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे शॉट. ओवेचकिनने पदार्पणात ४२५ शॉट गोलवर मारले. २००८-०९ मध्ये ५२८, एका हंगामात यापेक्षा जास्त शॉट फक्त फिल एस्पोझिटोचे, १९७०-७१ चे ५५०. सामन्याला ६.७ शॉट! त्या वर्षी त्याची शूटिंग टक्केवारी (शंभर शॉटमागे गोल) होती जेमतेम १०.६, तरी गोल ५६. मॅथ्यूजने २०२३-२४ मध्ये ३६९ शॉट मारले, सामन्याला साडेचार, आणि टक्केवारी १८.७.

टक्केवारी वर-खाली होते. मॅथ्यूजच्याच आदल्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, ३२७ शॉट आणि १२.२ टक्के, म्हणून गोल ४०. शॉट फार कमी नव्हते, आत गेले कमी. ३६९ शॉटना १३ टक्के लावले तर ६९ चे ४८ होतात. ओवेचकिनच्या गोलांचा पाया शॉटच्या संख्येवर आहे, म्हणून त्याचा वाईट हंगामसुद्धा तिशीच्या खाली जात नाही. २०२४-२५ पर्यंत अपवाद एकच, २०२०-२१, आणि तेव्हा तो ४५ च सामने खेळला.

टोरांटोकर

दोघांचेही आभार, हे हवंच होतं. एक उपप्रश्न: २५-२६ व्या वर्षी ओवेचकिन घसरला आणि २७ नंतर पुन्हा पन्नाशीत गेला. मधे काय बदललं? मॅथ्यूजचंही २०२४-२५ मध्ये ६७ सामन्यांत ३३ वर आलं, म्हणून विचारतो.

डावं सर्कल

बदलली ती त्याची मैदानावरची जागा. सविस्तर लिहितो.

तरुण ओवेचकिन डाव्या विंगवरून (डाव्या कडेने) वेगाने यायचा. तो उजव्या हाताने शॉट मारतो, म्हणजे डाव्या बाजूला त्याची स्टिक मैदानाच्या मध्याकडे असते. निळी रेघ (प्रतिस्पर्ध्याच्या भागाची सीमा) ओलांडली की आत वळायचं, बचावपटूला आपल्या आणि गोलकीपरच्या मध्ये ठेवायचं आणि त्याच्या पायांमधून शॉट सोडायचा. गोलकीपरला पक सुटताना दिसायचाच नाही. पाच वर्षं हे चाललं. मग संघांनी उपाय शोधला: बचावपटूने मागे हटत न जाता निळ्या रेघेवरच त्याला गाठायचं आणि दुसऱ्याने आतली वाट बंद करायची. २०१०-११ मध्ये आकडा ३२ वर आला तो यामुळे. त्याच सुमारास वॉशिंग्टननेही खेळ बचावात्मक केला होता.

२०१२-१३ मध्ये ॲडम ओट्स प्रशिक्षक म्हणून आला. त्याने दोन गोष्टी केल्या. पाचाला पाच खेळात ओवेचकिनला उजव्या विंगवर नेलं, म्हणजे मधून येणारा पास थेट फोरहँडवर, पळता पळता घेता येतो. आणि पॉवर प्लेवर १-३-१ ची रचना घट्ट बसवली. एक जण वर निळ्या रेघेपाशी, मधल्या ओळीत तिघे, एक जण गोलजवळ. मधल्या ओळीत उजव्या भिंतीपाशी बॅकस्ट्रॉम, मध्ये ट्रॉय ब्राउवर (पुढे टी. जे. ओशी) आणि डाव्या सर्कलमध्ये (गोलसमोर डावीकडे आखलेल्या वर्तुळात) ओवेचकिन. निकाल: २०१३-१४ मध्ये ५१ पैकी २४ आणि २०१४-१५ मध्ये ५३ पैकी २५ गोल पॉवर प्लेवर. पुढे त्याने डेव्ह अँड्रीचकचा २७४ पॉवर प्ले गोलांचा विक्रमही मागे टाकला. आणि ८९५वा गोलही तिथूनच: पॉवर प्ले, डावं सर्कल, टॉम विल्सनचा पास, समोर गोलकीपर सोरोकिन.

सगळ्यांना माहीत असूनही हा शॉट थांबत का नाही? बचावात चौघेच असतात. एकाला ओवेचकिनला चिकटवलं तर उरतात तीन, आणि समोर चार जण मोकळ्या जागेत. ओशीला मधे मोकळा सोडला की तो दहा-पंधरा फुटांवरून मारतो. म्हणून बहुतेक संघ ओवेचकिनपर्यंतचा पास तोडायला बघतात, आणि बॅकस्ट्रॉमसारखा पास देणारा असेल तर दहातले काही पास जातातच.

आता भूमिती बघा. सर्कलच्या मधला फेसऑफचा (पक टाकून खेळ सुरू करायचा) ठिपका गोलरेषेपासून २० फूट पुढे आणि मैदानाच्या लांबीतल्या मध्यरेषेपासून २२ फूट बाजूला असतो. सर्कलची त्रिज्या १५ फूट. ठिपक्यापासून गोलच्या मध्यापर्यंत साधारण ३० फूट, सर्कलच्या माथ्यापासून साधारण ४१. ताशी ९० मैलांचा शॉट सेकंदाला १३२ फूट जातो, म्हणजे माथ्यापासून गोलपर्यंत ०.३ सेकंद. त्याच क्षणी गोलकीपर दुसऱ्या खांबापाशी बॅकस्ट्रॉमकडे बघत उभा असतो. पास मैदानाच्या मध्यरेषेला ओलांडून येतो तेव्हा त्याला आधी मान वळवायची, मग पायाने ढकलून सहा फुटांची गोल ओलांडायची, मग थांबून चौकोनी उभं राहायचं. तो अजून सरकत असतानाच शॉट येतो. सरकणाऱ्या गोलकीपरच्या काखेखाली आणि दोन पायांमध्ये फटी उघडतात. ओवेचकिन बारीक नेम धरत बसत नाही. तो जोरात, लवकर आणि गोलकीपर जिथून निघाला त्या बाजूच्या वरच्या भागात मारतो.

मॅथ्यूजचं तंत्र वेगळं. तो डाव्या हाताचा, सेंटर (मधला आक्रमक), आणि पक स्वतःजवळ घेऊन मारतो. स्लॅप शॉटसारखी लांब उचल नाही. पक शरीरापासून दूर ठेवायचा, बचावपटू स्टिक पुढे करतो, मग पक फूट-दीड फूट आपल्या पायाकडे ओढायचा आणि ओढतानाच सोडायचा. ओढण्यामुळे सुटण्याची जागा बदलते. गोलकीपर जुन्या कोनावर उभा, पक नव्या कोनातून येतो, आणि मधे बचावपटूच्या स्टिक व पायांचा त्रिकोण आडोसा म्हणून. यात पहिलं काम वरच्या हाताचं, तो शरीरापासून लांब पुढे असतो. मग खालचा हात दाबतो, दांडा वाकतो आणि परत सरळ होताना पक फेकला जातो. वजन बऱ्याचदा स्टिकच्या बाजूच्या एकाच पायावर असतं, म्हणून त्याला थांबून पवित्रा घ्यावा लागत नाही.

यात मनगट आणि खालचा हात यांवर भार फार येतो. ऑगस्ट २०२१ मध्ये मॅथ्यूजच्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर तो पॉवर प्लेवर उजव्या सर्कलमधून वन-टायमर (आलेला पास न थांबवता थेट मारलेला शॉट) जास्त मारू लागला, हे मला चांगलं लक्षण वाटतं. वन-टायमरला पाय लागत नाहीत, जागा आणि पास लागतो. वय वाढेल तसा हाच शॉट टिकतो. ओवेचकिनने २०२४-२५ मध्ये ३९ व्या वर्षी, मधे पायाचं हाड मोडून १६ सामने बाहेर बसूनही, ६५ सामन्यांत ४४ मारले ते याच जोरावर.

गोलकीपरचा चाहता

सगळं मान्य, पण प्लेऑफ बाजूला ठेवणं मला पटत नाही. २०१८ मध्ये ओवेचकिनने २४ सामन्यांत १५ मारले, कप जिंकला आणि कॉन स्माइथही (प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी) घेतली. मॅथ्यूजचे २०२५ च्या प्लेऑफमध्ये १३ सामन्यांत ३.

आकडेमोड

प्लेऑफ मोजा, पण वेगळ्या खात्यात. तिथे शिट्ट्या कमी वाजतात आणि एकच प्रतिस्पर्धी चार ते सात सामने समोर असतो, त्यामुळे तो एका खेळाडूसाठी बचाव बसवू शकतो. १३ सामन्यांत ५०-६० शॉट होतात, एवढ्यावर टक्केवारी काहीही दाखवते. मॅथ्यूजचा प्लेऑफमधला उणेपणा खरा आहे, पण तो अनेक वर्षांची बेरीज करून दाखवा, एका वसंतावरून नको.

टोरांटोकर

अजून एक. मॅथ्यूजच्याच ड्राफ्टमधला पॅट्रिक लाइने तेव्हा "पुढचा ओवेचकिन" म्हणवला जात होता. उजव्या हाताचा, डाव्या सर्कलमधून तोच वन-टायमर. त्याचं कुठे बिनसलं?

आकडेमोड

हे उदाहरण प्रत्येक नव्या तुलनेच्या वेळी काढून बघावं असं आहे. लाइने २०१६ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर विनिपेगने घेतला. १८ व्या वर्षी ७३ सामन्यांत ३६ गोल, पुढच्या वर्षी ४४, त्यातले २० पॉवर प्लेवर. २०१७-१८ मध्ये तो ओवेचकिनच्या ४९ च्या मागोमाग दुसरा होता. गोलांच्या रकान्यात तुलना अगदी चपखल बसत होती.

शेजारचा रकाना बघा. पहिल्या वर्षी २०४ शॉट, टक्केवारी १७.६. दुसऱ्या वर्षी २४१, टक्केवारी १८.३. सामन्याला तीनपेक्षाही कमी शॉट, ओवेचकिनच्या पदार्पणात सव्वापाच होते. तिसऱ्या वर्षी शॉट तेवढेच, २४५, पण टक्केवारी १२.२, म्हणून गोल ३०. त्याच वर्षी सेंट लुइसविरुद्ध त्याने ५ शॉटमध्ये ५ गोल मारले होते आणि फक्त नोव्हेंबरात १८. म्हणजे उरलेल्या सगळ्या हंगामात मिळून बारा.

शॉट कमी का? पाचाला पाच खेळताना लाइनेला पक स्वतः शॉटच्या जागेपर्यंत नेता येत नव्हता. त्याला पास सर्कलमध्ये आणून द्यावा लागे. ओवेचकिन विशीत स्वतः पक वाहून न्यायचा, लोकांना अंगावर घेऊन पुढे जायचा, आणि वन-टायमर हे त्याचं दुसरं हत्यार होतं. लाइनेचं ते एकमेव होतं. पुढे दुखापतींनीही त्याचे बरेच सामने खाल्ले. २०२४-२५ मध्ये मॉन्ट्रियलकडून त्याचे २० गोल, त्यातले १५ पॉवर प्लेवर. शॉट आजही तसाच घातक आहे, बाकीचा खेळ त्याला तिथवर पोचवत नाही.

क्रिकेटमध्ये नुसता स्ट्राइक रेट बघून फलंदाज ठरवत नाही, किती चेंडू टिकला तेही बघतो. तसंच इथे. नवा कुणी पोरगा ४० मारतो तेव्हा आधी तीन गोष्टी बघा: सामन्याला शॉट किती (४ च्या वर हवेत), टक्केवारी १६-१७ च्या वर आहे का (असेल तर पुढच्या वर्षी खाली येईल असं धरा), आणि गोलांपैकी पॉवर प्लेवरचे किती. पॉवर प्लेचा वाटा निम्म्याला लागला तर जपून. रिकाम्या गोलमध्ये (समोरच्या संघाने गोलकीपर बाहेर काढल्यावर) मारलेले वेगळे काढायला विसरू नका. ओवेचकिनने तर ग्रेट्झकीचा रिकाम्या गोलमधल्या ५६ गोलांचाही विक्रम मोडलाय, त्यामुळे हे त्यालाही लागू. शॉटचं अंतर आणि वेग लीगच्या एनएचएल एज या संकेतस्थळावर फुकट बघता येतो, तिथे २०२१-२२ पासूनचा डेटा आहे.

निळी रेघ

८९७ चं गणित मांडतो, कारण तिसऱ्या प्रश्नात ते दडलंय. २०२४-२५ अखेर ओवेचकिन ८९७ वर होता आणि त्यानंतरही खेळत राहिला, म्हणजे लक्ष्य पुढे सरकणार. आत्तापुरतं ८९७ धरू. मॅथ्यूजला आणखी ४९६ हवेत. त्याने ओवेचकिनचाच २९ व्या वर्षापासूनचा वेग, ०.५८, राखला तर साधारण ८५० सामने लागतील. वर्षाला ७० सामने खेळला तर बारा हंगाम, म्हणजे २०३६-३७, वय ३९. वर्षाला ६५ च खेळला तर तेरा. आणि हे सगळं ओवेचकिनइतकं तिशीनंतर टिकून. आजवर तसं टिकलेला ओवेचकिन एकटाच आहे. मला हे होईल असं वाटत नाही. ६५० ते ७०० च्या दरम्यान तो थांबेल असा माझा अंदाज, आणि तेवढ्यानेही तो सर्वकालीन यादीत फार वर जाईल.

दोन गोष्टी त्याच्या बाजूने आहेत. २०२६-२७ पासून हंगाम ८४ सामन्यांचा होतोय. आणि तो सेंटर असल्याने पक त्याच्या स्टिकवर जास्त येतो. पण सेंटरला स्वतःच्या गोलपर्यंत खाली येऊन बचाव करावा लागतो, फेसऑफ घ्यावे लागतात, मोठे सेंटर अंगावर घ्यावे लागतात. विंगरला हे ओझं कमी. ओवेचकिनने ती ताकद वीस वर्षं शॉटसाठी राखून ठेवली. तिशीत मॅथ्यूजला विंगवर हलवायचा विचार टोरांटोने करावा, असं माझं ठाम मत आहे.

मोठा बदल मात्र वेगळाच झाला. २०२५ च्या उन्हाळ्यात मॅथ्यूजचा जोडीदार मिच मार्नर व्हेगासला गेला. मॅथ्यूजच्या उत्तम हंगामांत मार्नर त्याच्या उजव्या बाजूला होता, मध्यरेषा ओलांडणारे पास त्याचेच. ओवेचकिनला बॅकस्ट्रॉम दीड दशक मिळाला. आता मॅथ्यूजला पक कोण देणार, यावर पुढची दोन वर्षं ठरतील. त्याचा करार २०२७-२८ पर्यंतच आहे, वर्षाला १३.२५ दशलक्ष डॉलर.

डावं सर्कल

चौथा प्रश्न राहिला. मुलांनी आधी मॅथ्यूजचा शॉट शिकावा. वन-टायमरला अचूक पास देणारा जोडीदार लागतो, आणि दहा-बारा वर्षांच्या संघात तो क्वचित असतो. पक ओढून सोडणं गॅरेजमध्ये एकट्यानेही जमतं.

स्टिकपासून सुरुवात करा, कारण निम्म्या चुका तिथे असतात. फ्लेक्सचा आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवायला लागणारे पाउंड. ढोबळ नियम: मुलाच्या वजनाच्या निम्मा. ८० पाउंडाच्या मुलाला ४० चा फ्लेक्स. "वाढत्या अंगाचा" म्हणून ५५ ची स्टिक घेतली तर ती त्याच्याकडून वाकतच नाही, आणि शॉट नुसत्या दंडांच्या जोरावर ढकलला जातो. वरून कापली की स्टिक आणखी कडक होते. बऱ्याच स्टिकवर कापल्यानंतरचा फ्लेक्स खुणांनी छापलेला असतो, तो बघूनच करवत लावा. लांबी: स्केट घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत.

शॉट बसत नसेल तर बहुतेक वेळा वरचा हात कमरेला चिकटलेला असतो. तो पुढे काढल्याशिवाय पक ओढायला जागाच राहत नाही. दुसरी चूक, मूल पक आधी ओढतं, थांबतं, मग मारतं. थांबलं की गोलकीपर नव्या कोनावर पोचला. ओढणं आणि सोडणं एकाच हालचालीत हवं. आधी जागेवर उभं राहून, मग एका पायावर सरकत, आणि त्यानंतरच समोर काठी आडवी ठेवून तिच्या बाजूने ओढायचा सराव करा.

वन-टायमर नंतर, पास देणारं कुणी मिळाल्यावर. तिथे पक पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला आला की मारायचा आणि ब्लेड पकच्या इंचभर मागे बर्फाला टेकवायचं, म्हणजे दांडा आधी वाकतो. पक मागच्या पायापाशी आला असेल तर मारू नये. अशा वेळी पक थांबवून रिस्ट शॉट (मनगटाने फेकलेला) घ्यावा.